सातचा भोंगा वाजला, आता घरात काय करायचे?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावाने स्वतःला एक नियम लावून घेतला. संध्याकाळचे सात वाजले की देवळावरचा भोंगा वाजायचा आणि तो वाजला की घराघरांतला टीव्ही आणि मोबाइल बंद व्हायचा. साडेआठपर्यंत, म्हणजे चांगला दीड तास, दोन्ही बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे, दोन शब्द बोलायचे. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक आणि ग्रामपंचायतीची माणसे घरोघर फिरून आठवण करून देत होती.

असे का करावे लागले, ते वाचक मंडळींना वेगळे सांगायला नको. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि शाळाच मोबाइलमध्ये आली. पोराच्या हातात फोन दिला नाही तर त्याचे वर्ष बुडेल, या भीतीने कुणी शेळी विकून, कुणी उसनवार करून फोन घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण फोन काही पोरांच्या हातातून सुटेना. आणि खरे बोलायचे तर तो मोठ्यांच्या हातातूनही सुटेना. वडगावची बातमी देशभर गाजली ती एवढ्याचसाठी. दुखणे सगळ्यांचेच होते, औषध एका गावाने करून पाहिले.

आता आपल्या गावातही असा भोंगा बसवावा, असे अनेकांना वाटते. भोंगा नसला तर निदान आपल्या घरापुरता नियम करावा, असेही वाटते. विचार चांगलाच आहे. पण त्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. सात ते साडेआठ ही वेळ आपल्या घरात कसली असते?

ही वेळ असते धारा काढून झाल्यावरची आणि ताटे मांडण्याच्या आधीची. चूल किंवा गॅस पेटलेला असतो. परातीत पीठ असते. एका बाजूला कालवण रटरटत असते, दुसरीकडे तव्यावर भाकरी. म्हणजे घरातल्या पोरांचा आणि पुरुषांचा हा मोकळा वेळ, तर घरच्या बाईचा सगळ्यांत धावपळीचा. भोंगा वाजला की पोराच्या हातातला फोन सुटतो, कारभाऱ्यांच्या हातातला सुटतो. तिच्या हातातले उलथने मात्र तसेच राहते. उलट, टीव्हीवरची मालिका ती पीठ मळता मळता कानाने तरी ऐकत होती, तेवढीही करमणूक गेली.

म्हणून आमचे म्हणणे असे की फोन बंद करणे हे अर्धेच काम आहे. मोकळे झालेले हात कुठे जातात, हे उरलेले अर्धे.

हिशेब मांडू या

शेतकरी माणसाला हिशेबाची सवय असते. खताची पोती, मजुरीचे रोज, दुधाचे लिटर, सगळे वहीत असते. घरकामाचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नसतो. तो सरकारने एकदा देशभर करून पाहिला. माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची राष्ट्रीय पाहणी २०१९ साली झाली. तिच्यात असे दिसले की सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरातल्या ८१ जणी रोज घरकाम करत होत्या आणि त्यांचा त्यात सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांत शंभरातले २६ जण काही ना काही घरकाम करणारे होते, आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटे. पुन्हा २०२४ साली तशीच पाहणी झाली. तेव्हा बायकांची मिनिटे २८९ भरली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईचा दहा मिनिटांचा भार हलका झाला, तर पुरुषाने आपलाही नऊ मिनिटांनी कमी करून घेतला!

शेतकऱ्याच्या घरात या पाच तासांवर शेतातले काम वेगळे. खुरपणी, वेचणी, काढणी, जनावरांचे वैरणपाणी हे त्यात धरलेले नाही. सकाळी डबा करून ती रानात जाते आणि दिवस मावळताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन येते. पुरुष हातपाय धुऊन बाजेवर टेकतो, ती पदर खोचून चुलीकडे वळते.

जाते गेले ते बरेच झाले

असे काही लिहिले की जुनी माणसे म्हणतात, "आमच्या वेळी हे नव्हते. पहाटे जाते घरघरायचे, बाया ओव्या म्हणायच्या, घर कसे भरलेले वाटायचे." ओव्यांचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून जास्त गावांत फिरून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या. पण त्या ओव्या नीट ऐकल्या तर त्यांत माहेरची माया आणि विठ्ठलाची भक्ती जशी आहे, तसे सासरचे कष्ट आणि बाईच्या जन्माचे दुःखही आहे. मनातले बोलायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते दगडापाशी बोलले गेले. पहाटे अंधारात उठून घरभराचे पीठ दळणे हे हौसेचे काम नव्हते. खांदे भरून यायचे, तळहाताला घट्टे पडायचे.

पिठाची गिरणी आली, नळ आला, गॅस आला, कुकर आणि मिक्सर आला, त्याने बाईचे कष्ट खरोखर कमी केले. जाते परत आणा, असे म्हणणाऱ्याने आधी आठवडाभर स्वतः खुंटा धरावा. पण यंत्राने वाचवलेला वेळ तिच्या वाट्याला आला का? तो दुसऱ्याच कामात गेला. पूर्वी वाटणाला वेळ लागतो म्हणून सणासुदीला होणारे पदार्थ आता आडदिवशीही मागितले जातात. दोन भाज्या हव्यात, पोराला वेगळे, म्हाताऱ्याला वेगळे. यंत्र आले तसे मागणेही वाढले.

बंद पडलेला मिक्सर

घरातल्या यंत्रांचे आणखी एक बघण्यासारखे आहे. विहिरीवरची मोटार जळाली तर काय होते? त्याच दिवशी मोटार वर काढून, गाडीत टाकून तालुक्याला नेली जाते. वाइंडिंगवाल्याच्या दारात कारभारी रात्रीपर्यंत बसून राहतात. पाणी थांबले तर पीक वाळेल, हे कळते. आणि घरातला मिक्सर बंद पडला तर? "बघू बाजाराच्या दिवशी." असे चार बाजार जातात. मिक्सर माळ्यावर जातो आणि खालचा पाटा-वरवंटा पुन्हा धुऊन निघतो. कुकरची शिट्टी होईना, तरी महिना महिना तसेच चालते. हे यंत्र बंद पडल्याने कुणाचे पीक वाळत नाही, फक्त कुणाची तरी कंबर धरते.

म्हणून मोकळ्या झालेल्या दीड तासातला पहिला दिवस या यंत्रांना द्या. यातले बरेच काम घरच्या घरी होण्यासारखे आहे.

मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला तर लगेच जळाला असे समजू नये. बहुतेक मिक्सरच्या बुडाला एक छोटे लाल बटण असते. मोटारीवर भार जास्त झाला की ते आपोआप बाहेर येते आणि वीज तोडते. प्लग काढावा, भांडे अर्धे रिकामे करावे, मोटार गार होऊ द्यावी, मग बटण आत दाबून पुन्हा लावून पाहावे. सुके खोबरे, हळकुंड असले कठीण जिन्नस आधी ठेचून घालावेत. भांडे गच्च भरू नये आणि एका दमात फार वेळ फिरवू नये. भांड्याचे पाते अडकले असेल तर कोमट पाण्यात भिजत ठेवावे, म्हणजे वाळलेले वाटण सुटते.

कुकरची वाफ कडेने जात असेल तर रबराची रिंग सैल झालेली असते. ती बदलून टाकावी, तिची किंमत गॅसपेक्षा स्वस्तच पडते. शिट्टीची नळी झाकण उजेडाकडे धरून रोज पाहावी. आरपार दिसले पाहिजे. डाळ-तांदूळ शिजताना फेस येतो, तो नळीत बसतो, म्हणून असे पदार्थ कुकरच्या निम्म्याहून जास्त भरू नयेत. नळी तुंबली असताना कुकर चढवणे धोक्याचे आहे. आणि आतली वाफ पुरती उतरल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नये.

राहता राहिला मोबाइल. त्याचे त्रास तर विचारूच नका. जागा भरली म्हणतो, पासवर्ड विसरतो, सकाळी उठल्यापासून फुलांची चित्रे येतात. यातले निम्मे त्रास नको ती चित्रे आणि व्हिडिओ आठवड्याला एकदा पुसून टाकले की जातात. हे काम शाळेतल्या पोरीकडे सोपवा, पण तिच्या आईला शेजारी बसवून. घरातल्या बाईला फोन घेता येतो पण वापरता येत नाही, अशी स्थिती चांगली नाही. तिच्या बँक खात्यात पैसे जमा होतात, तो संदेश तिला स्वतःला वाचता आला पाहिजे. आणि एक गोष्ट सगळ्यांनीच पाठ करावी. फोनवर आलेला ओटीपीचा आकडा कुणालाही सांगायचा नाही, मग समोरचा स्वतःला बँकेचा साहेब म्हणो की आणखी कुणी. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

पुरुषाने रांधले तर?

दुसरी संध्याकाळ स्वयंपाकघरासाठी. इथे काही मंडळी हसतील. "बाप्या माणसाने भाकऱ्या थापायच्या काय?" तर थोडे आठवून पाहा. गावच्या भंडाऱ्याला आमटीची काहील कोण ढवळते? हरिनाम सप्ताहाच्या पंगतीचा स्वयंपाक कोण रांधतो? आषाढात रानात तीन दगड मांडून झणझणीत रस्सा कोण करतो? त्या वेळी कुणाला लाज वाटत नाही. उलट, "आमच्या अण्णांच्या हाताला चव आहे," असे चारचौघांत सांगितले जाते. मग पाचशे माणसांचे रांधणारा हात घरच्या पाच माणसांसाठी का आखडावा?

सुरुवातीला थालीपीठ घ्यावे. त्यात घरातल्या प्रत्येकाला काम मिळते आणि बिघडले तरी फार बिघडत नाही.

भाजणीचे प्रमाण असे. ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, हरभऱ्याची डाळ १ वाटी, तांदूळ १ वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, गहू अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी, जिरे २ चमचे. प्रत्येक जिन्नस निवडून, वेगवेगळा, मंद आचेवर खमंग भाजावा. सगळे एकदम भाजू नये, कारण जिरे करपते आणि हरभरा कच्चा राहतो. गार झाल्यावर एकत्र करून गिरणीतून जरा सरबरीत दळून आणावे. डब्यात कोरडी ठेवली तर ही भाजणी बरेच दिवस टिकते.

थालीपिठासाठी दोन वाट्या भाजणीत एक मोठा कांदा बारीक चिरून, कोथिंबीर, तिखट, मीठ, हळद, चमचाभर तीळ आणि थोडा ओवा घालावा. कोमट पाण्याने सैलसर मळून दहा मिनिटे झाकून ठेवावे. ओल्या फडक्यावर गोळा थापावा, मध्ये बोटाने चार-पाच भोके पाडावीत. तव्यावर तेल सोडून फडके अलगद उलटे करावे आणि सोलून घ्यावे. भोकांत थेंब थेंब तेल घालून वर झाकण ठेवावे. कडा सुटल्या की उलटावे. बरोबर लोणी, दही किंवा मिरचीचा ठेचा.

यात कांदा दादांनी चिरावा, धणे-तीळ आजोबांनी निवडावेत, थापायचे काम पोरापोरींनी करावे. भोके पाडायला तर लहान पोरे भांडतील. तवा कारभाऱ्यांनी सांभाळावा. आणि वहिनींनी? त्यांनी बसावे. पहिल्या दिवशी त्यांना बसवणार नाही, "अहो, सारे पीठ सांडले," म्हणून त्या उठतील. त्यांना पुन्हा बसवावे. आणि पीठ ज्याने सांडले त्यानेच भरावे, ओटा ज्याने खरकटा केला त्यानेच पुसावा. स्वयंपाक करून भांड्यांचा ढीग मागे ठेवला तर ती मदत नव्हे, दुप्पट काम झाले.

ज्वारी-बाजरीचे महत्त्व आता जगाला कळले आहे. आपल्या देशाच्या पुढाकाराने २०२३ हे साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. पण पोळीपेक्षा भाकरीला हाताचे कसब जास्त लागते आणि ते कसब फक्त बायकांच्या हातात राहिले, तर भाकरीही घराघरांतून कमी होत जाईल. मुलग्याला भाकरी थापता आली पाहिजे. शिक्षणासाठी खोली करून राहिला तर त्यालाच उपयोगी पडेल.

आईचा छंद कोणता?

तिसरी संध्याकाळ छंदासाठी. शाळेत मुलांना निबंध असतो, 'माझा आवडता छंद'. मुले क्रिकेट लिहितात, चित्रे काढणे लिहितात. वडिलांना भजनाची गोडी असते, बैलांची हौस असते. आता त्याच मुलांना विचारा, तुमच्या आईचा छंद कोणता? बहुतेक घरांत मुले गप्प बसतील, नाही तर म्हणतील, "आईला काही छंद नाही." तसे नसते. छंदाला वेळ लागतो आणि तिचा वेळ आपण सगळ्यांनी मिळून संपवलेला असतो.

एखाद्या घरात जुनी गोधडी, कुणी तिला वाकळ म्हणतात, ती उलगडून बघा. खाली नऊवारीचा पदर, वर जुने लुगडे, आत धोतराचे, परकराचे, सदऱ्याचे तुकडे. कडेने टाके घालत घालत शिवण फिरत मध्यावर आणलेली. तुकड्यांचे रंग असे जुळवलेले की पाहत राहावे. ते नुसते थंडीचे पांघरूण नव्हते, त्या बाईची ती चित्रकला होती. गोधडी शिवायला जागा आणि रिकामे हात एवढेच लागते. चारजणी मिळून बसल्या तर काम लवकर उरकते आणि गप्पाही होतात. जेवणे साडेआठऐवजी आठलाच आटोपली, भांडी सगळ्यांनी मिळून घासली, तर आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला हे सहज करता येईल. शिवण नको असेल तर दुसरे काही. कुणाला भजन म्हणायचे असेल, कुणाला पुस्तक वाचायचे असेल, कुणाला नुसते पाय पसरून शेजारणीशी बोलायचे असेल. तेही करू द्यावे. त्याचा हिशेब मागू नये.

मुलांसाठी खडूने फरशीवर वाघ-बकरीचा पट आखा. चिंचोके आणि खडे पुरतात. एकटी बकरी मरते, पण सगळ्या मिळून वाघाला कोंडतात, हे पोरांना खेळता खेळता कळते. सागरगोटे, सारीपाट हेही आजीकडून शिकून घ्यावेत. आजीला येणारे खेळ आजीबरोबरच गेले तर ते पुन्हा कुठे मिळणार?

ज्यांच्याकडे शेतीची वीज रात्रपाळीची आहे, त्यांना या सगळ्यात अडचण येते. माणूस मोटार चालू करायला रानात जाणार, फोन जवळ ठेवणार, ते बरोबरच आहे. नियम माणसासाठी असतो. घरात एक साधा फोन चालू ठेवावा, बाकीचे टोपलीत ठेवावेत.

एक दिवस गावाबाहेर

चौथी संध्याकाळ बेत आखायची. महिन्यातून नाही जमले तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा सगळ्या घराने बाहेर पडावे. खर्चाचे म्हणाल तर आपली लालपरी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एसटी धावली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला. म्हणजे आजी, सूनबाई आणि लेकी असे घर निघाले तर पूर्वीइतका भार पडत नाही.

जायचे कुठे? सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार नावाचे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून सुरू झाले. गाव स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे, आणि त्यांच्याच घरांत पुस्तकांची कपाटे मांडलेली. येणाऱ्याने बसावे आणि वाचावे, पैसे पडत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात पुस्तके कशी शोभतात, हे पोरांना दाखवण्यासारखे आहे. इतके लांब नको असेल तर कार्तिकातले आवळीभोजन आहे, थंडीत कोवळ्या ज्वारीचा हुरडा आहे.

मात्र एक पथ्य पाळावे. सहलीच्या आदल्या रात्री बारापर्यंत पुऱ्या तळणारी आणि परत आल्यावर सगळ्यांचे डबे घासणारी एकच बाई असेल, तर तिची सहल झालेली नसते. हुरडा भाजायचे काम बहुधा पुरुष करतात, तसेच चटणी वाटायचे आणि पत्रावळी उचलायचेही करावे.

लेकी हे सगळे बघत असतात

आता थोडे कडू बोलायचे आहे. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही आज गावोगावची काळजी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले, पण त्या पोरांचे आईबाप हसले नसतील.

यामागे एक कारण आपणच पेरलेले आहे. राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ राहिल्या आणि २०११ साली ८९४. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा करणारे राज्य आपलेच, तरी हे झाले. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्या सून म्हणून कुठून येणार? दुसरे कारण शेतीच्या भावाचे, कर्जाचे आणि पावसाचे. ते एका घराने सुटणारे नाही.

पण तिसरे कारण घरातच आहे. "मला शेतकरी नवरा नको," असे म्हणणारी मुलगी शेतकऱ्याचीच लेक असते. ती मातीला घाबरत नाही, लहानपणापासून तिने कापूस वेचलेला असतो, कांदे काढलेले असतात. तिने एक गोष्ट मात्र रोज पाहिलेली असते. आई आणि बाप दोघेही रानातून एकाच वेळी घरी येतात, बाप बाजेवर बसतो आणि आई चुलीपाशी बसते. आईच्या नावावर सातबारा नसतो, हातात पैसा नसतो, आणि संध्याकाळ तर नसतेच. मुलगी तोंडाने बोलत नाही, पण पंधरा-सोळा वर्षे हे पाहून ती मनाशी ठरवते की आपल्या वाट्याला हे नको. तिला दोष कसा द्यायचा?

ही जाणीव नवी नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले होते. पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला, की नवऱ्याने आपण होऊन थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करून द्यावी. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी ती करून दिली. जमिनीचा तुकडा देणाऱ्या माणसांना संध्याकाळचा अर्धा तास देणे अवघड वाटू नये.

आणि मुलगा काय शिकतो, तेही पाहिले पाहिजे. आज आठ वर्षांचा असलेला मुलगा आईबरोबर भाकरी थापायला बसला, बापाला भांडी घासताना त्याने पाहिले, तर तो अशा घरात वाढलेला असेल की जिथे सून म्हणून यायला मुलगी कचरणार नाही. स्थळ बघताना लोक जमीन विचारतात, नोकरी विचारतात. पुढे मुली हेही विचारतील, "तुमच्याकडे संध्याकाळी स्वयंपाक कोण करते?" काही मुली आजही विचारतात.

एक महिना करून पाहा

तेव्हा मंडळी, गावाच्या भोंग्याची वाट बघू नका. ग्रामसभेत विषय मांडा, जरूर मांडा, पण तोपर्यंत आपल्या घरी सुरुवात करा. सात वाजता फोन टोपलीत. पहिला अर्धा तास सगळ्यांनी स्वयंपाकघरात, ज्याला जे जमेल ते. पोरे लसूण सोलतील, आजोबा शेंगा फोडतील, कारभारी कणीक मळतील. मग मुलांचा अभ्यास. आठ वाजता जेवण, ताट ज्याचे त्याने उचलायचे. जेवणानंतरचा वेळ घरच्या बाईचा, तिला हवा तसा.

पहिला आठवडा जड जाईल. भाकरीचे नकाशे होतील, पोरे कुरकुरतील, सासूबाईंना हे पटायला वेळ लागेल. त्यांना सांगा, "आत्या, तुमच्या वेळी तुमच्या मदतीला कुणी आले असते तर बरे वाटले असते ना?" बहुतेक सासवा यावर गप्प होतात आणि लसणाची टोपली पुढे ओढतात.

महिना झाला की एका रात्री घरच्या लक्ष्मीला विचारा, या महिन्यात तुला किती वेळ मिळाला आणि त्यात तू काय केलेस? तिने जे सांगितले ते वहीत लिहून ठेवा. खताच्या आणि दुधाच्या हिशेबाच्या शेजारीच लिहा.